जे आधी होईल ते

आमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत एक वाक्य आहे : '10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते.' हे लिहिणारा ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहत नसणार. आमच्याकडे आधी काय होणार, याची कधी उत्सुकताच नसते. गेल्या वर्षभरात आमची गाडी जेमतेम 2,900 किलोमीटर चालली, त्यातले निम्मे एका कोकणवारीचे. बाकी वेळ ती उभी असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नाहीतर कापूरबावडीच्या सिग्नलला.

म्हणून दोन वर्षं मी सर्व्हिसिंग टाळलं. 'चालतेय कुठे झिजायला?' हा माझा बिनतोड युक्तिवाद होता. मग जूनमधल्या एका सकाळी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, तेव्हा चावी फिरवल्यावर गाडी नुसतीच टिकटिकली. आई मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. पाच-सहा टिकटिकींनंतर म्हणाली, "रिक्षा बघ रे."

वागळे इस्टेटमधला आमचा गॅरेजवाला संध्याकाळी आला. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट पावडरीचा गड्डा फुललेला. "काका, वरून गरम पाणी आणा." मी चहाचं पातेलं घेऊन लिफ्टने खाली आलो. त्याने आधी काळी वायर सोडवली, मग लाल. पाण्याची धार सोडताच गड्डा विरघळून वाहून गेला. लखलखीत टर्मिनल पुसून त्यावर त्याने व्हॅसलिनचं बोट फिरवलं, बाळाच्या गालाला लावावं तसं.

एअर फिल्टरच्या डब्यात मात्र बिऱ्हाड निघालं. शेंगांची टरफलं, बॉनेटखालच्या अस्तराचा पिंजलेला कापूस आणि वर सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याला मी गाडीला घातलेला हार. पूजा पावली होती, फक्त पत्ता चुकला होता. वायर कुरतडली नव्हती, हे त्या उंदराचे उपकार.

मग डिपस्टिक काढून त्याने तेलाचा थेंब वर्तमानपत्रावर टेकवला. काळंकुळकुळीत. मी म्हटलं, "पण गाडी चाललीच नाही!"

"गाडी नाही चालली, काका. इंजिन चाललं."

हे मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. ट्रॅक्टरला तास मोजणारं मीटर असतं, कारण शेतात किलोमीटरला अर्थ नसतो. घोडबंदरलाही नाही. मानपाड्याहून गायमुखला पोचायला मला एकदा दीड तास लागला होता. कागदावर तो सात-आठ किलोमीटरचा प्रवास. बरं, उरलेल्या फेऱ्या भाजीमार्केटच्या. इंजिन धड तापायच्या आत बंद, त्यामुळे आतला ओलावा उडून जात नाही, तेलातच मुरतो. म्हणजे न चालवणं हीसुद्धा झीजच.

टायरांचंही तेच. नक्षी शाबूत होती, गोटा वगैरे काही झालेला नव्हता. पण त्याने कडेचे चार आकडे दाखवले : 1417. 2017 सालचा 14वा आठवडा. शेजारी रबराला बारीक भेगा, टाचांना पडतात तशा. टायर उभ्या उभ्या म्हातारे झाले होते. वायपरचं रबर तर एप्रिल-मेच्या उन्हात इतकं वाळलं होतं की काचेवर घासून नुसतं कुंईकुंई करत होतं.

(शोरूमच्या बिलात दरवेळी 'एसी डिसइन्फेक्शन' असतं. वायपरकडे तिथे कुणीही पाहिलं नव्हतं.)

आता दर रविवारी अर्धा तास तरी गाडी फिरवायची, असा त्याचा हुकूम आहे. "नुसती जागेवर चालू ठेवू नका." म्हणून आम्ही उपवनला जातो. आई पुढच्या सीटवर. तलावाकाठी भाजलेलं कणीस घ्यायचं, लिंबू-तिखट जरा जास्त चोळून. परवा शनिवारी आईला गुडघा दुखतो म्हणून विचारलं, "उद्या राहू दे का?"

ती म्हणाली, "आणि बॅटरीचं काय?"