तुम्ही विचारलंत म्हणून: एकदा जर्सी भरवली की गीर गाय बाटते का?

गोठ्यावर गेलो की कुणीतरी विचारतंच, डॉक्टर, मागच्या खेपेला गीरला चुकून जर्सीची कांडी (वळूच्या वीर्याची नळी) भरली गेली, आता पुढची वासरं पण मिक्सच निघणार ना? नाही हो. वासरू अर्धं गाईचं, अर्धं त्या वेळच्या वळूचं. गाईची बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात, जुन्या वळूचा त्यात काही संबंध नाही. पुढची कांडी गीरची घ्या आणि निवांत राहा.

आणि ही शंका काही आपल्याच लोकांची नाही. १८२१ मध्ये इंग्लंडात लॉर्ड मॉर्टनचं पत्र छापून आलं, की घोडीला आधी क्वागा, म्हणजे झेब्र्याचा आता नामशेष झालेला भाऊबंद, लावला होता, तर नंतर अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांनाही पट्टे आले. डार्विनसुद्धा यावर विश्वास ठेवून बसला होता! शतक संपता संपता युअर्ट नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने खरा झेब्रा आणून प्रयोग केले, तेव्हा कळलं की असे पट्टे झेब्रा न बघितलेल्या घोड्यांच्या शिंगरांनाही येतात.

पण पिल्लाचं काहीतरी आईत जातं, हे मात्र खरंय. गाईत वारेतल्या (वार म्हणजे प्लॅसेंटा) दोन केंद्रकांच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरून तिथल्या पेशींशी एकजीव होतात, त्यांची प्रथिनं रक्तात-दुधात उतरतात, म्हणून तर कांडी भरल्यावर साधारण २८ दिवसांनंतर नुसत्या दुधाच्या नमुन्यावरून गाय गाभण आहे का ते कळतं. घोडीत तर कमालच, ३६-३८व्या दिवशी गर्भाच्या पेशी गर्भाशयात घुसून वाटीसारखे उंचवटे करतात आणि हार्मोन सोडत बसतात, घोडीच्या पांढऱ्या पेशी त्यांना घेरतात, तरी चार महिन्यांपर्यंत त्या तग धरतात. मधेच गर्भ गेला तरी वाट्या राहतात, मग घोडी बरेच दिवस नीट माजावर येत नाही आणि मालक मला शिव्या घालतो.

उंदरांत तर पिल्लांच्या पेशी आईच्या मेंदूत सापडल्यात, आणि आईच्या हृदयाला इजा केल्यावर तिथे पोचून त्यांनी धडधडणाऱ्या स्नायूपेशी बनवल्यात. पण पुढच्या पिल्लाचा रंग बदलायला बीजांडच बदलावं लागेल, ते या पेशी करत नाहीत.

हां, गोऱ्ह्याबरोबर जुळी आलेली कालवड मात्र ठेवायच्या आधी तपासून घ्या. तिथे दोघांची वार एकमेकांना जोडली जाऊन रक्त इकडचं तिकडे होतं, अशा दहातल्या नऊ तरी कालवडी वांझ निघतात.