पुरातून निघालेली हार्ड डिस्क वाळवू नका

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या पेठांत शिरलं. पूर ओसरल्यावर माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर हार्ड डिस्क यायला लागल्या. कुणाचे टॅलीचे हिशेब, कुणाची लग्नाची शूटिंगं. बहुतेक डिस्क पुसून, उन्हात वाळवून आणलेल्या. काहींनी तर घरी लावूनही पाहिल्या होत्या. सगळा घात तिथेच होतो.

डिस्कच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. पाणी तिथून आत जातं. पाण्यानं डेटा पुसला जात नाही, कारण तो प्लॅटरवर, म्हणजे आतल्या गोल चकतीवर, चुंबकीय खुणांनी लिहिलेला असतो. पण पाणी आटलं की गाळ प्लॅटरला घट्ट चिकटतो. मग कुणी करंट दिला की प्लॅटर मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांनी फिरतं, आणि त्यावरून जेमतेम काही नॅनोमीटर अंतरानं जाणारं, डेटा वाचणारं-लिहिणारं हेड त्या गाळावर आदळतं. चुंबकीय थर खरवडून निघाला की तेवढा डेटा कुठलीच लॅब परत आणू शकत नाही. म्हणून भिजलेली डिस्क ओलसर फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तशीच क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या डेटा काढून देणाऱ्या लॅबला पाठवा.

आशा सोडलेल्या माणसाला मी कोलंबिया यानाची डिस्क सांगतो. कल्पना चावला ज्या यानात होत्या, तेच. १ फेब्रुवारी २००३ला ते कोसळलं. अवशेषांत ४०० एमबीची एक डिस्क सापडली, जळलेली, आत माती गेलेली. क्रोल ऑनट्रॅक या डेटा परत मिळवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरनी प्लॅटर धुऊन दुसऱ्या डिस्कमध्ये बसवले आणि सुमारे ९९ टक्के डेटा वाचला. तो डेटा यानातल्या झेनॉन वायूवरच्या प्रयोगाचा होता; त्याचे निष्कर्ष २००८मध्ये छापून आले.

पूर नसतानाही डिस्क जातातच. टकटक आवाज येत असेल तर बहुधा हेड गेलंय; लगेच बंद करा. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कृपा करून ऐकू नका, आत दव धरतं. डिस्कच्या जळालेल्या सर्किट बोर्डाच्या जागी त्याच मॉडेलचा बोर्ड लावून सहसा भागत नाही, त्या डिस्कची स्वतःची मापं असलेली रॉम चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवावी लागते.

कॉपी अडकत असेल तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि सी५ (नीट वाचता न येणारे सेक्टर) या ओळींतले आकडे बघा. सी५ वाढत असेल तर चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं टूल चालवू नका. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर काढा. ते चांगले भाग आधी उचलतं, खराब सेक्टर शेवटी. फाइली शोधायच्या त्या इमेजमध्ये. टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे प्रोग्रॅम त्यासाठी फुकट मिळतात.

लॅबला डिस्क देताना मात्र दोन गोष्टी लेखी घ्या: डेटा निघाला नाही तर पैसे किती, आणि डिस्क उघडण्याआधी तुम्हाला विचारणार का.