तुम्ही विचारलंत म्हणून: त्या टेपा कुठं गेल्या?

रेडिओत नोकरी केली असं कळलं की पंगतीत शेजारी बसलेला माणूसही विचारतो, "जुनी रेकॉर्डिंगं जपली का नाहीत हो तुम्ही लोकांनी?" पाठोपाठ गीतरामायणाचा दाखला. अहो, १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून आठवड्याला एक अशी ती ५६ गाणी गेली आणि लोकांच्या तोंडी बसली. मी म्हणतोय त्या टेपा कुणी मागितल्याच नव्हत्या.

टेप मोजून मिळायची. पाव इंची, १,२०० फुटांचं रीळ, सेकंदाला साडेसात इंच वेगानं जेमतेम अर्धा तास. महिनाअखेर यादी यायची, त्यातली रिळं पुसायची. आधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, नाहीतर तेही बिघडतं. इरेझरवर, म्हणजे टेप पुसायच्या विजेवरच्या चुंबकावर, रीळ सावकाश गोल फिरवायचं, उलटं करून पुन्हा फिरवायचं, लांब नेलं की मगच बटण बंद. मिनिटात कोरं. चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या मूळ टेपाही पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असं खुद्द नासानं २००९ साली सांगितलं. मग आमच्याच नावानं खडे कशाला?

हे माझं पंगतीतलं उत्तर.

एक म्हातारी एसटीनं ओव्या म्हणायला आली होती. लाल दिवा लागला आणि ती गप्प. "जात्याबिगर गळ्यात कसं यायचं?" स्टुडिओत जातं कुठलं! शेवटी एक स्टूल पालथं घातलं, त्याचा पाय खुंट्यासारखा तिच्या मुठीत दिला. सतरंजीवर ते गरागरा ओढत ती अर्धा तास गायली. खरखर टेपेत आली म्हणून इंजिनिअर वैतागला. मला ती खरखर आवडली होती, पण बोललो नाही. आठ मिनिटं प्रसारित झाली.

पाच-सहा वर्षांनी तिचा मुलगा आला. डोक्यावर केस नुकते फुटत होते. "आईचा आवाज असंल न्हवं तुमच्यात?" मी रजिस्टर काढलं. त्या नोंदीवर तांबडी रेघ, शेजारी माझी सही. त्याला वाचता येऊ नये अशा बेतानं रजिस्टर मिटलं आणि म्हणालो, "शोधून कळवतो."

यादी साहेबांची होती, हे खरं. एखादं रीळ कपाटामागं सरकवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, हेही खरं. तेव्हाचा मी म्हणतो, उद्याच्या शेतीच्या कार्यक्रमाला टेप कुठून आणली असतीस? त्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही. पण त्यानं निदान त्या मुलाला खरं सांगायचं होतं.

मुलगा पत्ता घातलेलं पंधरा पैशांचं कार्ड सोबतच घेऊन आला होता. "नुस्तं हाय का न्हाई, येवढं लिवा." मी 'नाही' लिहिलं. पेटीत टाकलं नाही.