नाते नोंदवायचे राहून गेले
आज सकाळी आमच्या डेटा सेंटरमधला एक जुना सर्व्हर, ज्याच्या पट्टीवर पुसट अक्षरांत केवळ ‘टेस्ट’ एवढेच वाचता येत होते, रीतसर मंजुरी घेऊन आम्ही बंद केला आणि १० मिनिटांत गोदामातील बारकोड प्रिंटर एकामागून एक थांबले. कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये, म्हणजे यंत्रे, सेवा आणि त्यांचे परस्परसंबंध यांच्या नोंदवहीत, त्या यंत्राचा आयपी पत्ता, रॅम, खरेदीची तारीख, सगळे अचूक होते. मात्र त्यावर कोणती सेवा अवलंबून आहे आणि ती कोणाच्या अखत्यारीत येते, हे दोन रकाने रिकामे होते. मालमत्तेची यादी आणि कॉन्फिगरेशन डेटाबेस यांतला फरक नेमका हाच आहे, आणि १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने सुरू केलेल्या आयटिलमध्ये, म्हणजे आयटी सेवांच्या व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक पद्धतींमध्ये, या परस्परसंबंधांना मोठे महत्त्व आहे.

सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर मी गोदामाच्या सुपरवायझरांजवळ जाऊन बसलो. “साहेब, तुमचा सर्व्हर असेल, आमच्यासाठी ती लेबलची मशीन आहे,” असे ते म्हणाले, आणि तेच नाव मी सेवेच्या रकान्यात लिहिले. नेटवर्कवरची यंत्रे आपोआप हुडकणारे डिस्कव्हरी टूल पोर्ट आणि जोडण्या शोधून देते, पण हे नाव त्याला कधीच सापडले नसते. जबाबदार व्यक्तीचा रकाना रिकामा असलेली आणखी ४१ यंत्रे संध्याकाळी निघाली. उद्या त्यांच्यापासूनच सुरुवात करणार आहे.