अथेन्सचं केरामाइकोस : आधी म्युझियम, मग बाहेर

ॲक्रोपोलिसच्या तिकिटावर वेळ ठरलेली असते, आम्हाला संध्याकाळचा स्लॉट मिळाला, म्हणून सकाळी केरामाइकोस, म्हणजे जुन्या अथेन्सची दफनभूमी. थिसिओ स्टेशनला उतरून एर्मू रस्त्याने थोडं चाललं की गेट येतं. रांग वगैरे काही नाही, खिडकीवर लगेच तिकीट मिळालं, आतलं छोटं म्युझियमपण त्यातच.

नवरा म्हणत होता ऊन चढायच्या आत बाहेरचं उरकू, पण मी हट्टाने आधी म्युझियममध्ये शिरले, कारण बाहेर थडग्यांवर ज्या ठळक मूर्ती दिसतात त्या कॉपी आहेत, डेक्सिलेओस नावाच्या तरुण घोडेस्वाराच्या थडग्याचा खरा कोरीव दगड आत आहे. घोडा मागच्या पायांवर उभा, खाली शत्रू पडलेला, स्वाराचा हात उगारलेला पण हातात भालाच नाही. भाला नि लगाम धातूचे वेगळे बसवलेले होते, ते गेले, भोकं तेवढी राहिली. पोरगा कोरिंथच्या युद्धात इ.स.पू. 394 मध्ये गेला, विशीचा होता, आणि खाली जन्म-मृत्यू दोन्हीची वर्षं कोरलीत, जे तिथे सहसा कोरत नसत. आपल्याकडचे वीरगळ बघितलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटतं, फक्त न्यायला अप्सरा नाहीत.

मग बाहेर. एरिडानोसचा बारीकसा ओढा अजून वाहतो, गवतात चक्क कासवं फिरतात (मुलगी निम्मा वेळ तिथेच). त्याच्या बाजूने शहराची तटबंदी, इराण्यांनी अथेन्स जाळल्यावर तिथला नेता थेमिस्टोक्लिसने इ.स.पू. 478 च्या सुमाराला घाईघाईत उभारलेली, आणि घाई इतकी की कबरींचे दगडसुद्धा भिंतीत चिणले! पुढे थडग्यांचा रस्ता, त्यावर डायोनिसिओस नावाच्या माणसाच्या थडग्यावरचा मोठा बैल बघून वाटतं काय हा थाट, आणि मध्येच गुडघ्याएवढे साधे गोल खांब दिसायला लागतात. इ.स.पू. 317 नंतर अथेन्सचा तेव्हाचा शासक डेमेट्रिओसने अशा खर्चिक स्मारकांवर बंदी घातली, त्यानंतरचे हे. मला बैलापेक्षा हेच जास्त आवडले.

सावली कमी आहे, टोपी-पाणी घ्या, बूट धड घाला. दागिन्यांची पेटी उघडून बसलेली हेगेसो, म्हणजे त्या नावाच्या बाईच्या थडग्याचा कोरीव दगड, तोपण थडग्यांच्या रस्त्यावरच आहे, पण तीही कॉपी, खरी बघायची तर नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियम गाठायचं, त्याचं तिकीट वेगळं.