करड्या पंखांखालचा नारिंगी पट्टा

जूनमध्ये पाऊस नुकता धरला होता, तेव्हा पडवीतल्या दिव्याजवळ चिऱ्याच्या भिंतीवर एक पतंग बसलेला दिसला. बोटाच्या पेराएवढा, करडा-तपकिरी, पंख घराच्या पाख्यांसारखे उतरते मिटलेले. फोटो काढले, 'मॉथ्स ऑफ इंडिया' या पतंगांच्या संकेतस्थळावर चार रात्री घालवल्या. करडे पतंग शेकड्यांनी! मिटलेल्या पंखांवरून मी ठरवलेली दोन्ही नावं चुकीची निघाली. खळ्यात पांढरी चादर बांधून दिवा लावला, तर तसलेच सात-आठ आले. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळेना.

उत्तर घरामागच्या सागांनी दिलं. दापोलीजवळच्या आमच्या जागेत चाळीसेक साग आहेत. जूनअखेर त्यांची कोवळी पालवी आठवड्याभरात फस्त झाली. मोठ्या शिरा तेवढ्या उरल्या. रात्री झाडाखाली उभं राहिलं की पाऊस थांबलेला असूनही टपटप ऐकू यायची. त्या पानं खाणाऱ्या अळ्यांच्या लेंड्या होत्या, खालच्या पाचोळ्यावर पडणाऱ्या. शेजारचे काका म्हणाले, "फवारणी कर रे, झाडं जातील." मला ते पटलं नाही. मोठा साग पुन्हा फुटतो, त्याची वाढ मात्र मागे पडते. केरळात निलांबूरच्या कोवळ्या सागवनांत या अळीमुळे लाकडाच्या वाढीत 44 टक्के घट मोजली गेली आहे, म्हणून काकांची काळजी खोटी नव्हती.

मी सहा अळ्या घरी आणल्या. लोणच्याच्या बरणीत तळाला ओलसर माती, वर पाचोळा, तोंडाला मलमलीचं फडकं. रोज दोनदा कोवळी पानं घालायचो. बोटं लाल व्हायची, सागाचं कोवळं पान चुरगाळलं की होतातच. अळी पानाच्या कडेला अर्धगोल काप घेते, तो तुकडा दुमडून रेशमाने शिवते आणि त्या घडीत बसून खाते. हे शिवणकाम मी तासभर भिंगातून पाहिलं. इतकं सुबक काम मी पानावर कधी पाहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी अळ्या पाचोळ्यात शिरल्या, कोष झाले. त्यांतले दोन वाळून गेले.

कोष झाल्यापासून सातव्या दिवशी पहाटे एक पतंग फडक्याला लटकलेला. तोच करडा. हलक्या हाताने काडी लावली, तसे पुढचे पंख सरकले आणि खालून काळे पंख उघडले, त्यांवर नारिंगी पट्टे. आता नावात शंका नव्हती : हायब्लिया प्यूरा, सागाचा पाने खाणारा पतंग. डच कीटकशास्त्रज्ञ क्रेमरने 1777 साली त्याचं वर्णन केलं. भिंतीवर बसताना तो ओळखीची खूणच झाकून घेतो.

सप्टेंबरात दाभोळ खाडीकाठी तिवरांची पानं कुरतडलेली दिसली. जवळ गेलो, तर पानाच्या कडेला तीच शिवलेली घडी. खाऱ्या चिखलातल्या झाडावर! चार अळ्या आणल्या, त्याच बरणीत तिवराची पानं घातली. तेराव्या दिवशी निघालेल्या पतंगाला काडी लावली. खाली नारिंगी पट्टे होते.