मालकाला नकोसा झालेला बंगला

पांढऱ्या भिंती, लाल कौलं, कमानी, आत अंगण. कॅलिफोर्नियातल्या वुडसाइडच्या जॅकलिंग हाउसचे जुने फोटो बघताना वाटतं, कुणा स्पॅनिश सरदाराचीच ही हवेली. पण ती बांधली १९२५ साली. स्पेनचं राज्य तिथून उठून तेव्हा शंभर वर्षं उलटली होती! १९१५च्या सॅन डिएगोच्या प्रदर्शनात स्पॅनिश धाटणीच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यानंतर तिकडच्या श्रीमंतांना या थाटाची हौस लागली आणि हौसेला मोल नसतं. डॅनियल जॅकलिंग यांनी युटातल्या खाणीत हलक्या प्रतीच्या खनिजातूनही तांबं काढून पैसा केलेला. जॉर्ज वॉशिंग्टन स्मिथ या नावाजलेल्या वास्तुरचनाकाराकडून त्यांनी तीसएक खोल्यांचा बंगला बांधून घेतला. आत चक्क पाइप ऑर्गन, आणि सामानसुमानात तांबं. धंद्याची मिरवणूक घरातही हवीच की.

१९८४मध्ये बंगला घेतला स्टीव्ह जॉब्ज यांनी. ज्या माणसाला एक जादा बटण खपत नसे, त्याच्या पदरी तीस खोल्या! दहाएक वर्षं ते तिथे राहिले, पण फर्निचर फारसं आणलंच नाही. पुढे भाडेकरू राहिले आणि २००० नंतर घर ओस पडलं. आत पाऊस शिरला, वेली शिरल्या. घर पाडायला माणसाला परवानगी लागते, पावसाला लागत नाही.

जॉब्ज यांना बंगला पाडून तिथे छोटं घर बांधायचं होतं. २००४मध्ये गावाने पाडायला परवानगी दिली. अट अशी: कुणी बंगला उचलून दुसरीकडे न्यायला तयार आहे का, ते आधी बघायचं. जुन्या वास्तू जपणारे जतनवाले कोर्टात गेले. जॉब्ज यांचं म्हणणं, दुरुस्ती परवडण्यासारखी नाही. अपील कोर्टाने २००७मध्ये बोट ठेवलं ते नेमकं इथेच: नवं घर बांधायला किती लागणार, हा आकडा कागदावर कुठे आहे? मला हा मुद्दा फार आवडतो. पुण्यात एखादा वाडा ‘दुरुस्तीपलीकडे गेलाय’ असं ऐकल्यावर आपण माना डोलावतो, पण कशाच्या मानाने, हे विचारत नाही.

नक्कल म्हणून या बंगल्याला हिणवणारेही होते. असेना नक्कल, ऐंशी वर्षांत तिला स्वतःचं वय आलं होतं. मी जतनवाल्यांच्याच बाजूने.

पण जॉब्ज चिकट. २००९मध्ये पुन्हा परवानगी मिळवली आणि फेब्रुवारी २०११मध्ये बंगला पाडला. ऑक्टोबरात ते स्वतःच गेले. एवढं भांडून जागा मोकळी केली, त्या जागेवरचं छोटं घर काही त्यांच्या हातून झालं नाही.